आमचे थोरले बंधू

आमच्या सोसायटीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचायला बावीस सेकंद घेते. एवढ्या वेळात शहाणा माणूस भिंतीवरची सूचना वाचतो. 'सहा व्यक्ती अथवा ४०८ किलो.' ही सूचना मी एके काळी फार गांभीर्याने वाचत असे, त्याचं कारण पुढे येईलच. पण समोरच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी राहायला आलेले काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. ते सूचना वाचत नाहीत, देतात.

''राग मानू नका, पण एक सांगू का?'' पहिला मजला गेल्यावर ते म्हणाले.

पुण्यात हे वाक्य प्रश्न नसतो.

''सकाळचे जरा फिरायला जात जा. तब्येत थोडी सुधारलीये तुमची.'' दुसरा मजला. ''अजून हातात आहे तोवर बघा. नाहीतर मग लोक ती पोटाची ऑपरेशनं करून घेतात. शॉर्टकट हो! आपल्यासारख्यांनी असलं काही करू नये.''

चौथा मजला आला. मी ''हो हो, नक्की'' म्हणून बाहेर पडलो, घरात शिरलो, दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडलो, ''मला जाड म्हणाला तो!''

''कोण?''

''समोरचा!''

''मग?'' ही म्हणाली.

काकांची बावीस सेकंदं एकीकडे आणि हे 'मग' एकीकडे.

आता त्या गृहस्थांना काय माहीत? सहा व्यक्ती ४०८ किलो म्हणजे माणशी ६८. मी एकटा १२८ होतो. लिफ्टच्या हिशेबाने जवळजवळ दोन व्यक्ती. मी आत पाऊल टाकलं की आधीपासून उभे असलेले लोक छताकडे बघत मनातल्या मनात बेरीज करत, आणि एखादी व्यवहारी बाई ''मला ना खाली जरा काम आहे'' म्हणून उतरून जाई. असा मी २०१७ साली ऑपरेशन टेबलावर चढलो. (चढवलो गेलो. तिघे होते.)

डॉक्टरांनी आदल्या दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. पोटाला चार-पाच भोकं पाडायची, दुर्बीण आत घालायची आणि जठराचा तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्तच भाग कापून बाहेर काढायचा. मागे उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. जेमतेम आमटीच्या वाटीएवढं मावेल अशी. शिवाय भूक लागल्याची वर्दी मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागातच तयार होतं. म्हणजे कोठार लहान केलं आणि वर निरोप्यालाही कामावरून कमी केलं. डॉक्टर हे सगळं तळमळीने सांगत होते. मी त्यांनी काढलेल्या केळ्याकडे बघत होतो आणि मला भूक लागली होती.

पुढचे पंधरा दिवस वरणाचं पाणी आणि ताक, तेही औषधाच्या टोपणाने मोजून. मग पातळ, मग मऊ, मग पोळीचा चतकोर, प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावून. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास प्यायचं नाही. हे सगळं मी पाळलं, कारण पाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नियम मोडला की ती नळी तिथल्या तिथे निकाल देई. अपील नाही.

वजन उतरू लागलं. ते उतरण्यात माझं कर्तृत्व फारसं नव्हतं, पण हे मी लोकांना कशाला सांगू? पंधरा महिन्यांत १२८चे ७९ झाले. या सुरुवातीच्या वर्ष-दीड वर्षाला डॉक्टरमंडळीच हनिमून म्हणतात. आमचा खरा हनिमून महाबळेश्वरला चार दिवस झाला होता आणि त्यातले दोन दिवस पावसात गेले होते. त्यामुळे हा दुसरा मला जास्त मानवला.

या काळात मला एक शोध लागला. मराठी माणसाकडे दुसऱ्याच्या वजनाबद्दल बोलायला जेवढे शब्द आहेत तेवढे बहुधा एस्किमोकडे बर्फाला नसतील, आणि त्यातला एकही शब्द सरळ नाही. वाढला तर 'तब्येत सुधारली', 'अंग धरलंय', 'बाळसं आलंय', 'चांगलाच सुटलाय', 'सासरचं मानवलेलं दिसतंय'. उतरला तर त्याहून पंचाईत. माझी आई मला बघून डोळ्याला पदर लावून म्हणाली, ''किती खराब झालास रे!'' मी आयुष्यात पहिल्यांदा चांगला दिसत होतो आणि जन्मदात्री मला खराब म्हणत होती. एका मावशीने हिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ''रिपोर्ट काय आलेत?'' आणि इस्त्रीवाल्याने माझे नवे शर्ट मुलाचे समजून वेगळ्या गठ्ठ्यात बांधले. मला मुलगा नाही. मुलगी आहे.

पण बाकीचं जग! बाकीचं जग थक्क होत होतं. रस्त्यात माणसं थांबत. ''अरे, तूच का तो?'' माझ्यासमोर उभी राहिली की चांगली चांगली माणसं श्वास रोखून पोट आत घेत. दहावी-बारावीच्या बोर्डात आलेल्या मुलाला पेढे खाऊन जे वाटतं ते मला पेढे न खाता वाटत होतं. भूक गेली होती, पण तिच्या जागी ही दुसरी लागली होती. हिला वाटी पुरत नव्हती.

त्या दिवसांत मी खरोखर चालत असे. रोज, तासभर, कधी सकाळी कधी संध्याकाळी. प्रकृतीसाठी चालत होतो असं मला तेव्हा वाटे. आता विचार केला तर लक्षात येतं की मी फक्त वर्दळीच्या रस्त्यांवर चालत होतो.

गोम अशी आहे की कौतुकासाठी लागणारा माणूस फार दुर्मीळ जातीचा असतो. त्याने तुम्हाला आधी पाहिलेलं असावं लागतं आणि मधल्या काळात पाहिलेलं नसावं लागतं. एकदा त्याने ''अरे बापरे!'' म्हटलं की तो कायमचा वाया गेला. दुसऱ्यांदा भेटल्यावर तो सरळ पावसापाण्याबद्दल बोलतो. हा साठा कोळशासारखा आहे, वापरला की संपला. दीड वर्षात मी पुणे संपवलं. मग पिंपरी-चिंचवड. मग मी दौरे काढू लागलो. लातूरला आतेभावाच्या मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीला मी एकटा गेलो. ही म्हणाली, ''आपल्याला आमंत्रण तरी आहे का?'' मी म्हटलं, ''संबंध टिकवले पाहिजेत.'' आठ तास एसटीने गेलो. तिथे कोणीच थक्क झालं नाही, कारण मला तिथे कोणी कधी पाहिलेलंच नव्हतं. बटूच्या मामाने मला दोनदा 'कॅटरिंगचे ना तुम्ही?' असं विचारलं आणि तिसऱ्यांदा मठ्ठा संपल्याबद्दल झापलं.

तिसऱ्या वर्षी कौतुक आटलं. पाचव्या वर्षी लोक विसरले की मी कधी जाड होतो. आणि सातव्या वर्षी एक माणूस लिफ्टमध्ये मला म्हणतो, तब्येत सुधारलीये.

वास्तविक तो खोटं बोलत नव्हता. काटा ९१ दाखवत होता. ७९चे ९१ कसे झाले याची चौकशी मी घरच्या घरी केली, आणि दोष संपूर्णपणे त्या नळीच्या पहारेकऱ्यांचा आहे असा निष्कर्ष काढला. काय होतं की पोळी, भाकरी, भात, उसळ या सज्जन मंडळींना अजूनही महादरवाज्यावर अडवलं जातं. दीड पोळी झाली की भाले आडवे. पण चिवडा, खारी, चहातलं बिस्किट, आमरस, बासुंदी, विरघळत आलेलं आइस्क्रीम, ही मंडळी घोरपड लावून मागच्या कड्यावरून वर येतात आणि गड ताब्यात घेतात. पोट भरल्याचा पत्ताच लागत नाही. एका वेळी फार खाता येत नाही हे खरं. पण वेळा किती असाव्यात याबद्दल डॉक्टरांनी कागदावर काही काढलं नव्हतं. सकाळी मूठभर, अकराला चिमूटभर, डबा खाली ठेवताना शिल्लक राहिलेलं जरासं, डबा वर ठेवताना आणखी जरासं.

''तुम्हाला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय,'' ही म्हणाली. ''चरायला नाही.''

दर वर्षी तपासणीला जावं लागतं. बी-बारा, लोह, कॅल्शियम, डी, या गोळ्या जन्माच्या सोबती आहेत. त्यातही लोह आणि कॅल्शियम यांचं आपसांत पटत नाही. दोघांत दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं, लग्नात भांडलेल्या व्याह्यांसारखं. वाटेत चहा आला तर लोहाची गाडी आणखी लेट. गोळ्यांचं हे वेळापत्रक मी चोख सांभाळतो, त्यामुळे आहारतज्ज्ञ बाई माझ्यावर खूश असतील अशी माझी समजूत होती. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी ती.

''काका, व्यायाम?''

''चालतो.''

''किती?''

''जमेल तसं.''

''किती जमतं?''

या नव्या पिढीला संभाषणातली सभ्य संदिग्धता कळत नाही. तिने मला समजावून सांगितलं की आठवड्याला कमीत कमी दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं हवं, रोज साठ ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत, आणि त्याशिवाय आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला हवीत. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. वजनं उचला! मी पंचवीस वर्षं पन्नास किलो जादा वजन अंगावर घेऊन जिने चढत होतो, ऑफिसला जात होतो, प्रसंगी बस पकडत होतो. तेव्हा याला कोणी व्यायाम म्हटलं नाही.

तरी मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. सायकलवर टॉवेल उत्तम वाळतो. जलतरण तलावाच्या पासवरचा माझा फोटो पाण्याने फुगलाय, मी अजून कोरडा आहे. जिममध्ये माझी एक चप्पल राहिली आहे आणि तिथल्या मुलाचा महिन्यातून एकदा मेसेज येतो, ''सर, येताय ना?'' चप्पल टाकवत नाही म्हणून नातं टिकून आहे.

मग मुलीने वाढदिवसाला ते घड्याळ दिलं.

या घड्याळात वेळही दिसते. पण त्याचं मुख्य काम पाळत ठेवणं. तासभर बसून राहिलं की ते मनगटाला गुदगुल्या करून 'उठा' म्हणतं. आमच्या ऑफिसातले एक साहेब वारले, त्यांच्या शोकसभेला मी पहिल्या रांगेत होतो. ''दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या,'' असं म्हटल्यावर मी उभा राहिलो. दीड मिनिट झालं असेल. संपूर्ण सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि माझ्या मनगटावर टुंग टुंग वाजून रंगीबेरंगी आतषबाजी सुरू झाली. 'अभिनंदन! आजचं उभं राहण्याचं उद्दिष्ट पूर्ण!' साहेबांच्या मिसेसनी त्या दिवसापासून आमच्याकडे येणं बंद केलं आहे.

हे घड्याळ पावलं मोजतं, पण हातावरून. म्हणजे पायांनी काय केलं याची त्याला ऐकीव माहिती असते. दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन मी मंडईतून घामाघूम होऊन आलो, तर म्हणे दोनशे बारा पावलं. उलट गणपतीत सोसायटीच्या आरतीला मी एका जागी उभा राहून टाळ्या वाजवल्या. पाच आरत्या, मंत्रपुष्पांजली, आणि शेवटी उत्साही कार्यकर्त्यांनी वाढवलेली एक आरती. नऊशे चाळीस पावलं! त्या दहा दिवसांत माझ्याइतका चालणारा माणूस सोसायटीत दुसरा नव्हता. मी एवढा भाविक कधीपासून झालो, हे आईला कोडं पडलं होतं. देवळातले पुजारी सुटलेले का असतात हे मात्र तेव्हापासून मला कोडं आहे. त्यांनी बारीक असायला हवं.

पण बाकीचे ३५५ दिवस दहा हजार पावलं कुठून आणायची? रात्री जेवून टीव्ही बघून झोपायला जावं तर आकडा आठ हजार तीनशे. मग मी पावणेबाराला हॉलमध्ये सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालायला लागलो. दिवा न लावता, कारण दिवा लावला तर ही उठते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चौकीदाराला विचारलं की वरच्या घरात रात्री कोण फिरतं, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की वरच्या घरातले सगळे तर दहालाच झोपतात. काकूंनी तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात लिंबू ठेवलं.

हे सगळं एकदा मुलीने ऐकलं आणि ती हसत सुटली. ''बाबा, अरे दहा हजार हा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नावच 'मानपो-केई'. म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव ऐकायला छान, आकडा गोल. त्यावरून आलंय ते.''

''म्हणजे मी इतकी वर्षं रात्री अंधारात एका जपानी जाहिरातीभोवती फिरत होतो?''

''तसंच काही नाही. चालणं चांगलंच असतं. आठ हजार चाललास तरी चालेल.''

पण मी पुढचं वाक्य ऐकलंच नाही. आळशी माणसाला जगात कुठेतरी काहीतरी खोटं निघाल्याचा जो आनंद होतो तो तुम्हाला ठाऊक असेल. दहा हजार खोटे, म्हणजे आठ हजारही संशयास्पद, म्हणजे आज राहू दे. ते 'आज' पाच महिने टिकलं, आणि त्याच पाच महिन्यांत मी ८६चा ९१ झालो.

लिफ्टमधल्या अपमानाच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी पेटून उठलो. पहाटे साडेपाचला पर्वती. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली वर देऊळ बांधलं, ते ठीकच. पण १०३ पायऱ्या! आणि त्याही अशा ऐसपैस की एकीवर एक पाऊल टाकलं तर थोडी उरते आणि दोन टाकावीत तर पुरत नाही. पेशवे पालखीतून जात असावेत असा माझा कयास आहे. चाळिसाव्या पायरीवर मी दम खायला कठड्याशी टेकलो. (दम खाणे हा एकच खाण्याचा प्रकार मला डॉक्टरांनी अमर्याद दिलेला आहे.) एक सत्तरीच्या पुढच्या आजी नऊवारी खोचून, अनवाणी, मला मागे टाकून वर गेल्या. मी पंचेचाळीसवर असताना त्या खाली आल्या. मी साठीत असताना त्या पुन्हा वर निघाल्या होत्या. तिसऱ्या भेटीत त्या थांबल्या आणि मायेने म्हणाल्या, ''बसा हो, बसा. देऊळ कुठे पळून जातंय?''

मी बसलो. मग उतरलो आणि पोहे खाल्ले. अर्धी प्लेट. उरलेली अर्धी थोड्या वेळाने.

तेव्हा असं ठरवलं की आता पुरावाच दाखवायचा. तो फोटो माझ्या फोनमध्ये कायम वरच असतो. २०१५ सालचा, मेव्हण्याच्या लग्नातला. मरून रंगाचा सिल्कचा झब्बा, जाड मिशी (ती मी पुढे गाल आत गेल्यावर काढली), आणि दोन्ही बाजूंनी फोटोच्या चौकटीला भिडलेला मी. माझ्या मागे सासूबाई उभ्या आहेत. त्यांच्या पैठणीचा काठ डावीकडे दोन बोटं दिसतो. ज्यांना माहीत आहे त्यांनाच त्या ओळखू येतात.

लिफ्टचं दार बंद झालं तसा मी फोन काकांच्या पुढे धरला. तोंडाने काही बोललो नाही. मनात म्हटलं, घ्या. आता म्हणा 'अरे बापरे!' त्या दुर्मीळ जातीचा माणूस नसाल, पण निदान आधीचा फोटो तर बघा.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोन लांब धरला, जवळ धरला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे.

''हे तुमचे थोरले बंधू का?''

दुसरा मजला जात होता. सरळ सांगायचं होतं की नाही हो, हा मीच. पण मग 'कसं उतरवलंत?' हे आलं, मग ऑपरेशन आलं, मग शॉर्टकट आला, मग 'आणि तरी पुन्हा?' हेही आलं. उरलेल्या अकरा सेकंदांत एवढं सगळं मावणारं नव्हतं.

''हो,'' मी म्हणालो.

''वाटलंच. नाक सेम आहे. कुठे असतात?''

''नागपूरला.''

''बापरे. लक्ष द्या हो त्यांच्याकडे. किती किलो असतील?''

''एकशे अठ्ठावीस,'' मी खरं ते सांगितलं.

काका त्या रात्री झोपले नसावेत. सकाळी पावणेसहाला बेल वाजली. दारात ते, बूट, कानटोपी आणि हातात वही. बँकेत थकलेली कर्जं वसूल करायचं खातं त्यांच्याकडे होतं, हे मला नंतर कळलं. ''असं करू या,'' ते म्हणाले, ''फोनवर नुसतं 'चाला' म्हणून कोणी चालत नाही. तुम्ही माझ्याबरोबर रोज चला. काय केलं, किती केलं, ते त्यांना रात्री फोन करून सांगा. आपला भाऊ करतोय म्हटल्यावर त्यांना उमेद येईल. आणि दर रविवारी त्यांचं वजन मला सांगायचं.''

मागे ही उभी होती. ''कोणाचं वजन?''

''चल, आलोच,'' म्हणून मी बूट घातले.

पहिल्या रविवारी काय सांगायचं हा प्रश्न आला. खोटं बोलायचं तर निदान आकडे तरी खरे असावेत असं माझं मत आहे. मी माळ्यावरून २०१७ची फाइल काढली. पहिल्या महिन्याला ११६, तिसऱ्याला १०४, सगळं तारीखवार लिहिलेलं होतं. मी दर आठवड्याला त्यातला एकेक आकडा सोडू लागलो. काका वहीत लिहून घेत आणि आलेख काढत. आलेख असा उतरत होता की पहिल्या महिन्याच्या शेवटी त्यांचे डोळे पाणावले.

''माणूस आहे की कोण हो तो! बारा किलो! नुसतं चालून!''

''आणि खाणं फार कमी केलंय त्याने,'' मी म्हणालो. ''वाटीभरच खातो.''

''मनाचा निग्रह! याला म्हणतात निग्रह!''

बागेतल्या त्यांच्या सकाळच्या ग्रुपसमोर त्यांनी बंधूंची हकीकत सांगितली. चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या. पाच वर्षांनी मी त्या टाळ्या ऐकत होतो. मीही वाजवल्या, पंचवीस पावलं पडली. माझा गळा दाटून आला तेव्हा काका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ''भावावर फार जीव दिसतो.''

आता मी एकही दिवस चुकवू शकत नाही. पाऊस असला तरी काका छत्री घेऊन दारात. कंटाळा आला म्हटलं तर ''तिकडे ते नागपूरच्या उन्हात चालतायत,'' हे ऐकावं लागतं. चरणंही कमी झालं, कारण पहाटे उठायचं म्हणून दहाला झोप येते आणि माझं खरं चरण्याचं कुरण दहा ते बारा हेच होतं. मध्ये एकदा प्रकरण अंगाशी आलं. काकांच्या मिसेसनी हिला जिन्यात गाठून विचारलं, ''तुमच्या मोठ्या जाऊबाई काय करतात हो?'' ही घरात आली, पर्स ठेवली आणि शांतपणे म्हणाली, ''सासूबाईंना सांगितलंत का, त्यांना अजून एक मुलगा आहे ते?''

''कोणाचं काही वाईट होतंय का त्यात?''

''नाही. फक्त दिवाळीला त्यांना बोलवायचं म्हणताहेत काका. पलंग कुठला देऊ?''

तो पेच मी 'सुट्टी नाही' म्हणून सोडवला. पण फाइलची पानं आता संपत आली आहेत, हा खरा घोर आहे. गेल्या रविवारी बागेच्या तिसऱ्या फेरीला काकांनी वही उघडली.

''बंधू?''

''अठ्ठ्याऐंशी.''

त्यांनी लिहिलं. पेन्सिल कानावर ठेवली. मग चालता चालता थबकले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ''आणि तुमचं हो?''

''एकोणनव्वद.''

''राग मानू नका,'' ते म्हणाले, ''पण एक सांगू का? सख्खा भाऊ ना तुमचा? एकशे अठ्ठावीसवरून आलाय तो. त्याला जमतं, आणि तुम्ही...'' पुढचं त्यांनी सौजन्याने गिळलं आणि तरातरा चालायला लागले. त्या दिवशी मी पाच फेऱ्यांच्या सात घातल्या. शेवटच्या दोन तर जवळजवळ पळत.

घरी आलो तो शर्ट पिळून काढण्यासारखा. ही चहा गाळत होती. ''आज काय झालं एवढं दमायला?''

''दादा पुढे गेला,'' मी म्हणालो.